गुप्त मतदान आणि न्यायालयातील पुरावा : अमेरिकेतील मतदानवर्तनाचे संशोधन व मताधिकाराचा कायदा

१.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला,

• अमेरिकेतील मतदानवर्तनाच्या अभ्यासातील प्रमुख परंपरांची ओळख करून देता येईल.
• मताधिकार नाकारणे आणि मताचे बळ क्षीण करणे यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• मतदान गुप्त असतानाही एखाद्या समूहाने कसे मतदान केले याचा अंदाज कोणत्या पद्धतींनी बांधतात, हे सोदाहरण सांगता येईल.
• या पद्धतींच्या मर्यादा आणि त्यांचे कायदेशीर परिणाम यांची चर्चा करता येईल.

१.१ प्रास्ताविक

मतदाराने कोणाला मत दिले हे त्याच्याखेरीज कोणालाही कळू नये, हे आधुनिक निवडणूक पद्धतीचे मूलतत्त्व आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुप्त मतपत्रिकेची पद्धत स्वीकारली. मतदारावर मालकाचा, सावकाराचा किंवा स्थानिक पुढाऱ्याचा दबाव येऊ नये, हा तिचा हेतू होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक विलक्षण पेच उभा राहिला. मतदारसंघांची आखणी वांशिक अल्पसंख्याकांवर अन्याय करणारी आहे, असा दावा न्यायालयात करावयाचा असेल तर कृष्णवर्णीय मतदार एका बाजूला आणि श्वेतवर्णीय मतदार दुसऱ्या बाजूला मते देतात, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे कायदा एका हाताने मत झाकतो आणि दुसऱ्या हाताने समूहाचे मत उघड करून मागतो. मतपेटीतून केवळ बेरजा बाहेर पडतात. त्या बेरजांवरून माणसांविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हा प्रश्न त्यामुळे केवळ विद्यापीठापुरता उरला नाही. त्याच्या उत्तरावर लक्षावधी नागरिकांचे प्रतिनिधित्व अवलंबून राहू लागले. या घटकात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

१.२ विषय-विवेचन

१.२.१ मतदाराला विचारून केलेला अभ्यास

मतदाराचे वर्तन समजून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्यालाच विचारणे. कोलंबिया विद्यापीठातील पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील एरी काउंटीत हा मार्ग पद्धतशीरपणे अवलंबिला. त्यांनी त्याच मतदारांच्या सुमारे महिन्याच्या अंतराने पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे मत बदलणारे मतदार त्यांना अपेक्षेपेक्षा फार थोडे आढळले. आर्थिक-सामाजिक स्तर, धर्म आणि ग्रामीण वा नागरी वस्ती या तीन गोष्टींवरून मतदाराचा कल बऱ्याच अंशी सांगता येत होता. प्रचार मत बदलण्यापेक्षा आधीचे मत दृढ करतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढे मिशिगन विद्यापीठातील अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी देशव्यापी सर्वेक्षणांच्या आधारे १९६० मध्ये ‘द अमेरिकन व्होटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्षनिष्ठा ही बहुधा घरातूनच लाभलेली, दीर्घकाळ टिकणारी मानसिक ओढ असते आणि तिच्या चष्म्यातूनच मतदार उमेदवार व प्रश्न यांच्याकडे पाहतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९६४ मध्ये कॉन्व्हर्स यांनी आणखी पुढे जाऊन असे दाखविले की, सुसंगत विचारप्रणाली बाळगणारे नागरिक थोडेच असतात. अनेकांची उत्तरे एका मुलाखतीपासून दुसऱ्या मुलाखतीपर्यंत बदलत राहतात.

या परंपरेने लोकमताच्या अभ्यासाला शास्त्रीय पाया दिला. पण तिच्या दोन मर्यादा न्यायालयीन कामात अडचणीच्या ठरल्या. पहिली अशी की, देशव्यापी सर्वेक्षणातील नमुना एखाद्या काउंटीच्या किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीविषयी काही सांगू शकत नाही. त्या भागातील दोन-चार माणसेच नमुन्यात येतात. दुसरी अशी की, लोक नेहमी खरे सांगतात असे नाही. मुलाखतीत ‘मी मतदान केले’ असे सांगणाऱ्यांची नावे मतदानाच्या अधिकृत नोंदींशी ताडून पाहिली असता, न गेलेल्या अनेकांनीही ‘गेलो होतो’ असे सांगितल्याचे वारंवार आढळले आहे. वंशासारख्या नाजूक विषयावर तर समाजमान्य उत्तर देण्याचा मोह अधिकच असतो.

१.२.२ आकडेवारीतून केलेला अभ्यास

दुसरा मार्ग म्हणजे निवडणुकीचे अधिकृत निकाल आणि जनगणना शेजारी शेजारी ठेवून पाहणे. व्ही. ओ. की यांचा १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणावरील ग्रंथ हा या मार्गावरील मानदंड समजला जातो. काउंटीनिहाय आकडे तपासून त्यांनी असे दाखविले की, जेथे कृष्णवर्णीयांची लोकसंख्या मोठी होती, तेथीलच श्वेतवर्णीय वंशवर्चस्वाच्या राजकारणाचे सर्वांत कट्टर पाठीराखे होते. अल्पसंख्य श्वेतवर्णीयांना सत्ता जाण्याची भीती जेथे अधिक, तेथे त्यांचा विरोधही अधिक, असे हे सूत्र आहे. ते लक्षात ठेवा. पुढे पद्धतीच्या मर्यादा पाहताना त्याची गरज पडणार आहे.

१.२.३ हक्क कागदावर, अडथळे दारात

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंश वा वर्ण यांच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. तरीही पुढील जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेत हा हक्क कागदावरच राहिला. १८९० च्या मिसिसिपीच्या राज्यघटनेपासून सुरू झालेल्या परंपरेत मतदान-कर, साक्षरतेची परीक्षा आणि राज्यघटनेतील कलमाचा अर्थ सांगण्याची सक्ती असे अडथळे रचले गेले. नियमांत वंशाचा उल्लेख नसे. परीक्षा घेणारा अधिकारी मात्र कोणाला उत्तीर्ण करावयाचे हे जाणून असे. काही राज्यांत आजोबा-पणजोबा मतदार असलेल्यांना परीक्षेतून सूट होती. गुलामांच्या वंशजांना या सुटीचा लाभ मिळणे अशक्य होते. सर्वोच्च न्यायालयाने ही सूट १९१५ मध्ये आणि केवळ श्वेतवर्णीयांसाठी असलेल्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका १९४४ मध्ये रद्द केल्या. पण एक वाट बंद झाली की दुसरी शोधली जाई.

मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहून देशभर संताप उसळला. लोकमताच्या या लाटेवर ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, मतदानाची आकडेवारीच त्यात निकष म्हणून आली. ज्या प्रदेशात नोव्हेंबर १९६४ मध्ये साक्षरता परीक्षेसारखी अट होती आणि जेथे प्रौढ नागरिकांपैकी निम्म्याहून कमी लोकांची नोंदणी झाली होती किंवा निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केले होते, तो प्रदेश कायद्याच्या विशेष तरतुदींखाली आला. तेथील निवडणूक नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारची किंवा राजधानीतील न्यायालयाची पूर्वसंमती आवश्यक ठरली. परिणाम त्वरित दिसला. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी सुमारे ६.७ टक्के होती. १९६७ पर्यंत ती ५९.८ टक्क्यांवर पोहोचली.

१.२.४ मत आहे, पण बळ नाही

मतदारयादीत नाव आले म्हणजे प्रतिनिधित्व मिळालेच असे नाही. सीमा कशा आखल्या आहेत यावर मताचे बळ ठरते. अलाबामातील टस्कीगी शहराची हद्द पूर्वी चौकोनी होती. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती अशी बदलली की, तिला अठ्ठावीस बाजू झाल्या आणि शहरातील सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सारे हद्दीबाहेर गेले. एकही श्वेतवर्णीय मतदार बाहेर गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या गोमिलियन विरुद्ध लाइटफूट खटल्यात अशी आखणी घटनाबाह्य ठरू शकते, असा निर्णय दिला.

यापेक्षा सूक्ष्म प्रकार म्हणजे संपूर्ण शहराचा एकच मतदारसंघ करणे. समजा, एका शहरात ६५ टक्के श्वेतवर्णीय व ३५ टक्के कृष्णवर्णीय मतदार आहेत आणि तीन सभासद निवडावयाचे आहेत. दोन्ही समूह वेगवेगळ्या उमेदवारांना मते देत असतील आणि सर्व मतदार तिन्ही जागांसाठी मत देत असतील, तर ६५ टक्क्यांचा समूह तिन्ही जागा जिंकेल. तेच शहर तीन प्रभागांत विभागले, तर एका प्रभागात कृष्णवर्णीयांचे बहुमत होऊ शकेल. येथे कोणाचेही मत नाकारलेले नाही. तरी एका समूहाची मते प्रत्येक वेळी वाया जातात. यालाच मताचे बळ क्षीण करणे असे म्हणतात.

अलाबामातील मोबील शहरात १९११ पासून तीन सभासदांचे मंडळ अशाच पद्धतीने निवडले जात होते. लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग कृष्णवर्णीय असूनही एकही कृष्णवर्णीय सभासद निवडून आलेला नव्हता. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेदभावाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली. सत्तर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांच्या मनातील हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच होते. म्हणून काँग्रेसने १९८२ मध्ये कायद्याच्या दुसऱ्या कलमात दुरुस्ती केली आणि हेतूऐवजी परिणाम हा निकष ठेवला. त्याच वेळी, लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क यातून निर्माण होत नाही, असेही स्पष्ट केले. आपल्याकडील राखीव मतदारसंघांची कल्पना अमेरिकेच्या कायद्यात नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

१.२.५ गिंगल्स खटला : संशोधनाचा न्यायालयात प्रवेश

परिणाम सिद्ध करावयाचा म्हणजे नेमके काय? याचे उत्तर १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स खटल्यात मिळाले. उत्तर कॅरोलिना राज्याच्या १९८२ च्या पुनर्रचनेतील बहुसदस्य मतदारसंघांना कृष्णवर्णीय मतदारांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने तीन पूर्वअटी घातल्या :

(१) अल्पसंख्य समूह पुरेसा मोठा आणि भौगोलिकदृष्ट्या पुरेसा एकवटलेला असावा. म्हणजे एकसदस्य मतदारसंघात त्याचे बहुमत होऊ शकावे.
(२) तो समूह राजकीयदृष्ट्या एकसंध असावा.
(३) बहुसंख्य श्वेतवर्णीय मतदार गटाने मतदान करीत असावेत व त्यामुळे अल्पसंख्याकांच्या पसंतीचा उमेदवार बहुतांशी पराभूत होत असावा.

या अटी पूर्ण झाल्यानंतर न्यायालय एकूण परिस्थितीचा विचार करते. पहिली अट नकाशा व जनगणना यांवरून तपासता येते. दुसरी व तिसरी अट मात्र मतदानवर्तनाविषयी आहे. तेथे राज्यशास्त्रज्ञाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. या खटल्यात बर्नार्ड ग्रोफमन यांनी कृष्णवर्णीय उमेदवार उभे असलेल्या विधिमंडळाच्या ५३ निवडणुकांचे विश्लेषण सादर केले. प्राथमिक निवडणुकांत सरासरी ८१.७ टक्के श्वेतवर्णीय मतदारांनी एकाही कृष्णवर्णीय उमेदवाराला मत दिले नव्हते, असे त्यातून दिसले. एका मतदारसंघाचा अपवाद वगळता न्यायालयाने मतदारांच्या बाजूने निर्णय दिला.

१.२.६ बेरजांतून समूहापर्यंत : तीन पद्धती

मतपत्रिकेवर वंश लिहिलेला नसतो. मग ८१.७ टक्के हा आकडा आला कोठून? मतदान केंद्रनिहाय निकाल जाहीर होतात आणि त्या केंद्राच्या परिसरात कोणत्या वंशाचे किती मतदार आहेत, हे जनगणनेवरून किंवा मतदारनोंदणीवरून कळते. या दोन माहितींची सांगड पुढीलप्रमाणे घालतात. उदाहरणांतील आकडे काल्पनिक आहेत.

(अ) एकजिनसी केंद्रांची पद्धत : जेथे जवळजवळ सर्व मतदार एकाच वंशाचे आहेत, अशी केंद्रे निवडावयाची. एखाद्या केंद्रात ९५ टक्के मतदार कृष्णवर्णीय असतील आणि ‘अ’ या उमेदवाराला ९० टक्के मते पडली असतील, तर कृष्णवर्णीयांचा कल उघड आहे. ही पद्धत न्यायाधीशाला सहज पटते; पण मिश्र वस्तीतील मतदारांविषयी ती काहीच सांगत नाही.

(आ) सीमांची पद्धत : एका केंद्रात १००० मते पडली, ९०० कृष्णवर्णीयांची व १०० श्वेतवर्णीयांची. ‘अ’ ला ८०० मते मिळाली. सर्वच्या सर्व १०० श्वेतवर्णीयांनी ‘अ’ ला मत दिले असे धरले, तरी उरलेली ७०० मते कृष्णवर्णीयांचीच असणार. म्हणून कृष्णवर्णीयांचा पाठिंबा ७०० ते ८०० मतांच्या दरम्यान, म्हणजे सुमारे ७८ ते ८९ टक्के ठरतो. यात अंदाज नाही, केवळ अंकगणित आहे. परंतु केंद्र मिश्र असेल, तर हीच पद्धत निरुपयोगी होते. ६०० कृष्णवर्णीय व ४०० श्वेतवर्णीय मतदार असून ‘अ’ ला ५५० मते मिळाली असतील, तर कृष्णवर्णीयांचा पाठिंबा १५० ते ५५० मतांपर्यंत, म्हणजे २५ पासून सुमारे ९२ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो. एवढ्या रुंद सीमेतून काहीही सिद्ध होत नाही.

(इ) समाश्रयण : ही पद्धत सर्व केंद्रांचा एकत्र विचार करते. समजा, तीन केंद्रांत कृष्णवर्णीय मतदार अनुक्रमे १०, ५० व ९० टक्के आहेत आणि ‘अ’ ला अनुक्रमे २२, ५० व ७८ टक्के मते मिळाली आहेत. आलेखावर हे तीन बिंदू मांडले तर ते एका सरळ रेषेत येतात. कृष्णवर्णीयांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ‘अ’ ची मते ७ टक्क्यांनी वाढतात. रेषा दोन्ही टोकांकडे वाढविली, तर शून्य टक्क्याला १५ आणि शंभर टक्क्यांना ८५ हे आकडे मिळतात. याचा अर्थ असा लावतात की, श्वेतवर्णीयांपैकी १५ टक्के आणि कृष्णवर्णीयांपैकी ८५ टक्के मतदारांनी ‘अ’ ला मत दिले. ही पद्धत समाजशास्त्रात लिओ गुडमन यांनी १९५० च्या दशकात मांडली. गिंगल्स खटल्यात ती एकजिनसी केंद्रांच्या पद्धतीसह वापरली गेली.

१.२.७ समष्टीवरून व्यक्तीकडे जाताना

समाश्रयणाचे उत्तर नेटके दिसते. परंतु ते एका गृहीतावर उभे आहे. श्वेतवर्णीय मतदार कोणत्याही वस्तीत राहो, त्याचे वर्तन सरासरीने सारखेच असते, हे ते गृहीत होय. आता व्ही. ओ. की यांचे सूत्र आठवा. कृष्णवर्णीयांची संख्या जेथे मोठी, तेथील श्वेतवर्णीयांचे वर्तनच वेगळे असते, असे त्यांना आढळले होते. तसे असेल, तर रेषेचे टोक खऱ्या आकड्यापासून दूर जाऊ शकते.

समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातील धोका डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये एका प्रसिद्ध लेखात दाखविला. १९३० च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण ज्या राज्यांत अधिक होते, तेथे निरक्षरता कमी होती. यावरून स्थलांतरित अधिक साक्षर होते असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात व्यक्तिशः पाहता त्यांच्यात निरक्षरता अधिक होती. ते ज्या राज्यांत स्थायिक झाले, त्या राज्यांतील इतर लोक साक्षर होते, एवढेच त्यातून दिसत होते. या चुकीच्या अनुमानाला समष्टी-तर्कदोष म्हणतात.

समाश्रयणातून कधी कधी १०० टक्क्यांहून अधिक किंवा शून्याहून कमी असे अशक्य आकडेही येतात. गॅरी किंग यांनी १९९७ मध्ये सीमांची पद्धत आणि सांख्यिकीय अनुमान यांचा मेळ घालणारी पद्धत मांडली. तीत प्रत्येक केंद्राचे उत्तर अंकगणिताने ठरविलेल्या सीमांच्या आतच राहते. गृहीतांचा प्रश्न मात्र कोणत्याही पद्धतीत पूर्णपणे सुटत नाही. म्हणून जबाबदार साक्षीदार एकाहून अधिक पद्धती वापरतो. सर्व पद्धती एकाच दिशेला निर्देश करीत असतील, तर पुराव्याला वजन येते.

१.२.८ फरक दिसला, कारण कोणते?

दोन समूह वेगळे मतदान करतात हे सिद्ध झाले, तरी ते वंशामुळे की पक्षामुळे, हा प्रश्न उरतो. गिंगल्स खटल्यात न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्यासह चार न्यायमूर्तींचे मत असे होते की, फरक आहे हेच महत्त्वाचे; मतदार तसे का वागतो याचा शोध आवश्यक नाही. या मुद्द्यावर त्यांना बहुमत लाभले नाही. पुढे १९९३ मध्ये टेक्सासमधील न्यायाधीशांच्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, फरक पक्षनिष्ठेतून आलेला असेल तर तो कायद्याचा भंग ठरत नाही, अशी भूमिका घेतली.

दक्षिणेत आज बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला आणि बहुसंख्य श्वेतवर्णीय मतदार रिपब्लिकन पक्षाला मते देतात. त्यामुळे वंश आणि पक्ष यांची फारकत करणे सांख्यिकीच्या दृष्टीनेही कठीण झाले आहे. २०१९ च्या रूको विरुद्ध कॉमन कॉज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीचा प्रश्न केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा ठरविला. २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नकाशाविरुद्ध राज्यघटनेच्या आधारे केलेल्या दाव्यात, वंश आणि राजकारण यांची उकल करण्याची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर असल्याचे न्यायालयाने ठासून सांगितले. ‘आम्ही वंश पाहिला नाही, पक्ष पाहिला’ या बचावाला त्यामुळे बळ मिळाले. मिशिगन परंपरेने ज्या पक्षनिष्ठेचा अभ्यास केला, तीच अशा प्रकारे कायद्यातील कळीचा मुद्दा बनली.

१.२.९ लोकमताचा आधार

कधी कधी न्यायालय लोकांच्या भावनेचाच आधार घेते. इंडियाना राज्याने २००५ मध्ये मतदानाच्या वेळी छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे केले. दुसऱ्याच्या नावावर मत दिल्याचे एकही उदाहरण त्या राज्याच्या इतिहासात घडल्याचा पुरावा न्यायालयापुढे नव्हता. तसेच या सक्तीमुळे नेमके किती मतदार वंचित होतील याचाही ठोस पुरावा नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की, निवडणुकीवरील जनतेचा विश्वास हे स्वतंत्र मूल्य आहे आणि विश्वासामुळे लोक मतदानाला प्रवृत्त होतात.

हे विधान अनुभवाने तपासता येण्याजोगे आहे. स्टीफन अन्सोलाबेहेर आणि नेथॅनियल पर्सिली यांनी त्याच वर्षी सर्वेक्षणांच्या आधारे ते तपासले. गैरप्रकार होतात असे मानणारे लोक मतदानाला कमी जातात, असे त्यांना आढळले नाही. आणि ओळखपत्राचे नियम कडक असलेल्या ठिकाणीही गैरप्रकारांविषयीची समजूत तितकीच प्रचलित होती. दुसऱ्या बाजूची अपेक्षाही संशोधनात टिकली नाही. एन्रिको कँटोनी आणि व्हँसाँ पाँस यांनी २००८ ते २०१८ या काळातील देशव्यापी नोंदी अभ्यासून २०२१ मध्ये असे दाखविले की, कडक ओळखपत्र कायद्यांमुळे नोंदणी किंवा मतदान यांत एकूण घट झाली नाही. तसेच गैरप्रकार वा त्यांविषयीची धारणा यांतही फरक पडला नाही. संशोधन प्रामाणिक असेल, तर ते कोणत्याच बाजूची हवी ती साक्ष देत नाही, हे यातून दिसते.

१.२.१० तेच आकडे, दोन अर्थ

२०१३ च्या शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वसंमतीसाठी प्रदेश ठरविणारे सूत्र रद्द केले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी नोंदणीचे आकडे पुढे ठेवले : मिसिसिपीत १९६५ मध्ये श्वेतवर्णीयांची नोंदणी ६९.९ टक्के व कृष्णवर्णीयांची ६.७ टक्के होती. २००४ मध्ये ती अनुक्रमे ७२.३ व ७६.१ टक्के झाली. रोग बरा झाला असताना जुन्या आकड्यांवर आधारलेले सूत्र टिकू शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत नोंदविताना म्हटले की, पूर्वसंमतीची तरतूद परिणामकारक आहे म्हणून ती काढून टाकणे म्हणजे भर पावसात, आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे आहे. आकड्यांविषयी वाद नव्हता. बरे वाटते ते औषध चालू आहे म्हणून की रोगच गेला म्हणून, हा वाद होता. केवळ आकडे याचे उत्तर देत नाहीत.

दुसऱ्या कलमाची चौकट मात्र त्या वेळी कायम राहिली. अलाबामाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे २७ टक्के असून काँग्रेसच्या सात मतदारसंघांपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत होते. ॲलन विरुद्ध मिलिगन खटल्यात पुराव्यातून असे दिसले की, कृष्णवर्णीयांच्या पसंतीच्या उमेदवारांना कृष्णवर्णीयांची सरासरी ९२.३ टक्के आणि श्वेतवर्णीयांची केवळ १५.४ टक्के मते मिळत होती. वंशाचा विचार न करता संगणकाने आखलेल्या असंख्य नकाशांची सरासरी हाच निकष मानावा, हा राज्याचा आग्रह न्यायालयाने नाकारला आणि २०२३ मध्ये गिंगल्स खटल्यातील अटी पुन्हा लागू केल्या. त्यानंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली नवा नकाशा तयार झाला आणि २०२४ च्या निवडणुकीत अलाबामातून प्रथमच एका वेळी दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसवर निवडून गेले. मतदान केंद्रांच्या बेरजांवरून काढलेल्या दोन टक्केवाऱ्यांचा यात मोठा वाटा होता.

१.३ सारांश

मतदानवर्तनाचा अभ्यास मुलाखतींतून आणि आकडेवारीतून अशा दोन मार्गांनी झाला. १९६५ च्या कायद्याने मताधिकारातील उघड अडथळे दूर केले. त्यानंतर मताचे बळ क्षीण करणाऱ्या आखणीचा प्रश्न पुढे आला. १९८६ च्या गिंगल्स खटल्याने समूहाचे मतदानवर्तन हा न्यायालयीन पुराव्याचा विषय केला. मत गुप्त असल्यामुळे हा पुरावा अनुमानानेच मिळवावा लागतो आणि प्रत्येक अनुमान काही गृहीतांवर उभे असते. संशोधक ‘किती’ हे सांगू शकतो, आणि किती खात्रीने सांगतो हेही त्याने सांगितले पाहिजे. किती फरक म्हणजे अन्याय, हे मात्र आकडा ठरवीत नाही. ते कायदा, न्यायालय आणि अंतिमतः नागरिक ठरवितात.

१.४ पारिभाषिक शब्द

मतदानवर्तन : मतदार मतदान करतो की नाही, कोणाला करतो व का करतो यांसंबंधीचे वर्तन.
वंशनिहाय ध्रुवीकृत मतदान : भिन्न वंशांच्या मतदारांनी सातत्याने भिन्न उमेदवारांना पाठिंबा देणे.
पूर्वसंमती : निवडणूक नियम बदलण्यापूर्वी घ्यावयाची परवानगी.
समाश्रयण : एका राशीतील बदलावरून दुसऱ्या राशीतील बदलाचा अंदाज बांधण्याची सांख्यिकीय पद्धत.
समष्टी-तर्कदोष : समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी चुकीचा निष्कर्ष काढणे.

१.५ स्वयं-अध्ययन प्रश्न व स्वाध्याय

(१) एका केंद्रात ८०० मते पडली; २०० कृष्णवर्णीयांची व ६०० श्वेतवर्णीयांची. ‘क’ ला ६५० मते मिळाली. दोन्ही समूहांतून त्याला मिळालेली किमान व कमाल मते काढा.
(२) गिंगल्स खटल्यातील तीन पूर्वअटी सांगून त्यांपैकी कोणत्या मतदानवर्तनाशी निगडित आहेत ते लिहा.
(३) व्ही. ओ. की यांच्या निष्कर्षामुळे समाश्रयणाच्या गृहीताला बाध कसा येतो, ते स्पष्ट करा.
(४) ‘वंश व पक्ष यांची फारकत करणे हे सांख्यिकीचे नव्हे, तर कायद्याचे काम आहे.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.

प्रश्न १ चे उत्तर : कृष्णवर्णीयांकडून किमान ५० व कमाल २००, श्वेतवर्णीयांकडून किमान ४५० व कमाल ६००.